शून्य तासांच्या काकू

नाशिकहून वसईची एसटी सुटली तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत, मुलांना फुकट शिकवणाऱ्या मार्गदर्शकांसाठी एक पुरस्कार असतो. त्याच्या तीन परीक्षकांत माझी वर्णी लागली होती. आयटीआयमध्ये उभा जन्म मोटर वाइंडिंग (जळलेल्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळणं) शिकवण्यात घालवलेल्या निवृत्त माणसाला पाहुणा म्हणून कोण बोलावतं? पक्षपात नको म्हणून अर्ज नावं झाकून आले होते, वर फक्त संघाचा क्रमांक. गुण आणि शेरे मी आठवड्यापूर्वीच पाठवून दिले होते. आता एक दिवस वसई बघायची, दुसऱ्या दिवशी समारंभात पुढच्या खुर्चीवर बसायचं, असा बेत होता.

भिवंडी सोडल्यावर कामणच्या रस्त्यानं कंबर पार ढिली केली. मुक्काम विरारला फुलपाड्यात, विलास नावाच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याकडे. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. विलासच्या बायकोनं त्यांच्याच शिट्ट्यांवर आपला भात उतरवला, आणि तो नेमका शिजलेला होता.

सकाळी विलासच्या स्कूटरवरून निघालो. उमेळ्याला एक आजीबाई वाडीच्या तोंडाशी सुकेळी (राजेळी केळी वाळवून करतात ती) घेऊन बसल्या होत्या. मागे केळीच्या खुंटांच्या चार ओळी आणि त्यांच्या डोक्यावर सात मजली बिल्डिंगची सावली.

"केळी इथलीच का हो?" मी विचारलं.

"ही इथली. पुढल्या खेपेला याल तेव्हा कुठली असतील ते मला नका विचारू," त्या म्हणाल्या. मी दोन पुड्या घेतल्या.

जूचंद्रला मिठागरं बघायची म्हणून विलासनं मला सोडलं आणि तो कामावर गेला. मिठागरांपर्यंत मी पोचलोच नाही. गल्लीच्या तोंडाशीच चपलेचा अंगठा तुटला. फरफटत चाललो होतो तोच ओल्या वार्निशचा वास आला. ज्यानं हयातभर मोटरी गुंडाळल्या, त्याला त्या वासावरून पुढे जाता येत नाही.

दुकान लहानसं होतं. दारात पाण्याच्या पंपांची रांग. शेजारच्या खोलीत चार मुलं चार चाकांच्या एका यंत्राभोवती उकिडवी बसली होती, आणि त्यांच्यामागे पन्नाशीच्या एक बाई पाठीशी हात घेऊन उभ्या होत्या. नीट पाहिलं तर दोन्ही मनगटांना पदराचा वेढा होता.

"मोटर कुनाची हाय? ठेवा तिथं," त्या वळून म्हणाल्या.

"मोटर नाही. मी नाशिकचा वाइंडर," मी म्हणालो. परीक्षक असल्याचं सांगितलं नाही. त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"वाइंडर? मंग चाय घेतल्याबिगर जायाचं नाय!"

या कुंदाकाकू. वडिलांकडून शिकून त्या गावच्या पंपांच्या मोटरी गुंडाळतात, आणि दोन वर्षं नायगाव पूर्वेच्या बिल्डिंगांतली ही मुलं रोज संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी सकाळीच, त्यांच्याकडे येतात. यंत्र डावीकडे ओढ घेत होतं. मला दोन मिनिटांत कारण कळलं. काकूंना माझ्याआधी कळलं असणार, पण त्या बोलल्या नाहीत.

"समीक्षा, कान लाव. येकेक मोटर चालव आन आवाज आयक."

समीक्षा ही नववीतली मुलगी संघाची कप्तान. तिनं एकेक मोटर चालवली, ऐकली, पुन्हा चालवली. पाऊण तास गेला. माझे हात शिवशिवत होते. शेवटी ती ओरडली, "काकू, मागची लेफ्टवाली! बेअरिंग सुकलंय यार!" काकू नुसत्या हसल्या.

"तुम्ही हात का लावत नाही?" मी विचारलं.

"माजा हात लागला का मोटर माजी झाली. मंग पोरीनं काय केलं? माज्या बापानं मना आसंच शिकवलं. त्यो आपले हात पंच्यानं बांधायचा."

भिंतीवर एक पाटी होती. 'काकूंचा हात: ०'. हात लागला तर काकूंनी सगळ्यांना कुल्फी द्यायची, असा ठराव होता. दोन वर्षांत एकालाही कुल्फी मिळालेली नव्हती.

"अंकल, उद्याच्या कॉम्पिटिशनमध्ये मेंटॉरचं अवॉर्ड आहे ना, त्याला आम्ही काकूंना पण नॉमिनेट केलंय," समीक्षा म्हणाली. "फॉर्ममध्ये होतं ना, मार्गदर्शकाने रोबोटवर दिलेले तास? तिथे आम्ही झीरो टाकला. एकदम खरं."

तो अर्ज मी वाचला होता. त्या रकान्यात बाकीच्यांनी दोनशे, तीनशे, एकानं चारशे दहा तास लिहिले होते. या एका अर्जात शून्य. मी खाली शेरा मारला होता: 'मार्गदर्शक केवळ नावापुरता.' भाषा जमली म्हणून त्या वेळी खूशही झालो होतो.

"ही खोली गावच्या मंडळाची," काकू सांगत होत्या. "बक्षीस आलं तर खोली पोरांची, नायतर पुढल्या म्हैन्यापासून जिमला. तसं बोललेत ते."

मी कसाबसा बाहेर पडलो आणि रस्त्यातूनच संयोजकांना फोन लावला. गुण बदलायचे आहेत म्हणालो.

"का सर?"

"मी त्यांचं काम प्रत्यक्ष बघितलं."

"सर, निकालाआधी तुम्ही एका संघाकडे जाऊन आलात? मग तर तुमचा एक गुणही बदलता येणार नाही. बाकीच्यांवर अन्याय होईल."

त्यांचं चूक नव्हतं. गेलो नसतो तर मला कळलं नसतं, आणि गेलो म्हणून मला बोलता येत नव्हतं. तुटकी चप्पल हातात घेऊन मी नाक्यावर उभा राहिलो. मिठागरं बघायची इच्छाच मेली होती.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मी पुढची खुर्ची टाळून मागे बसलो. पुरस्कार चारशे दहा तासवाल्या सरांना मिळाला. त्याआधी सामना चालू असताना त्यांच्या संघाचं चाक निखळलं, तेव्हा सर आपसूक पुढे धावले आणि त्यांनीच ते बसवलं. मुलं बाजूला उभी राहून त्यांना पाने-स्क्रू ड्रायव्हर देत होती. सर वाईट नव्हते. त्यांनी तास खरंच दिले असतील. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

समारंभानंतर प्रत्येक संघाला परीक्षकांच्या शेऱ्यांचा कागद मिळाला. मी काकूंच्या संघापाशी पोचलो तेव्हा समीक्षा तो तिसऱ्यांदा वाचत होती.

"अंकल, तुम्ही पण आलात? बघा ना काय लिहिलंय! माझ्यामुळेच झालं. मी झीरो नको होतं लिहायला ना?"

"तू बरोबर लिहिलंस," मी म्हणालो. मग काकूंकडे बघून जेमतेम तोंड उघडलं. "तो शेरा माझा आहे. मी परीक्षक होतो."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पन तुमी तर वाइंडर," त्या म्हणाल्या.

मंडळाला पत्र लिहून देतो, असं काहीतरी पुटपुटलो. "लिवा," काकू म्हणाल्या. पत्रानं खोली राहत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

यंत्र खोक्यात भरायचं होतं. त्यासाठी चाकं सोडवावी लागतात. समीक्षानं स्क्रू ड्रायव्हर उचलला, जरा थांबली आणि काकूंपुढे धरला.

"काकू, तुम्हीच खोला. नेक्स्ट इयर फॉर्ममध्ये काहीतरी लिहायला पाहिजे ना."

मुलांपैकी कोणी कुल्फीचं नाव काढलं नाही. काकूंचे हात बराच वेळ पाठीमागेच होते. मग त्यांनी पदराचा वेढा सोडला आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला.

परतीच्या एसटीत मी सुकेळ्यांची पुडी उघडलीच नाही. घरी आलो तर बायकोनं विचारलं, वसई कशी होती? मी म्हणालो, मिठागरं राहून गेली. मंडळाला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. महिनाभरानं विलासचा फोन आला, खोलीत जिमची यंत्रं आली आहेत.

त्याच आठवड्यात संयोजकांकडून माझ्यासाठी एक जाड कागदाचं प्रशस्तिपत्र आलं, निःपक्ष परीक्षणाबद्दल. सोबत परीक्षकांनी भरायचा एक अर्ज होता. त्यात एक रकाना होता: प्रत्येक नामांकन वाचण्यासाठी दिलेला वेळ. मला आठवलं, मी काकूंचा अर्ज गॅसवर दूध ठेवून वाचला होता, आणि दूध उतू जायच्या आत संपवला होता. रकान्यात मी चार मिनिटं असं लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.