कुंपणातलं घरटं आणि शेजारणीची मांजर

आमच्या गावात अजूनही काहीजण म्हणतात की आमच्या कुंपणातलं घरटं शेजारणीच्या मांजरीने लुटलं. तसं म्हणायला सुरुवात माझ्यामुळे झाली. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

इंगोलश्टाटमध्ये गाड्यांच्या ब्रेकवर काम करण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी रेगेन्सबर्गच्या बाजूला, डॅन्यूबपासून थोडं आत, एका खेड्यात जुनं घर घेतलं. घरामागे लांबट जमीन होती. तिच्यात सफरचंदाची तीन म्हातारी झाडं, गुडघाभर गवत आणि रस्त्याच्या आणि शेजारच्या घराच्या कडेला किर्शलॉर्बियरचं दाट, सदाहरित कुंपण. बायकोला मेथी-कोथिंबीर लावायची होती, मला एक छोटं तळं खणायचं होतं. दोघांनाही बागकाम येत नव्हतं. पहिली मेथी उगवली त्याच आठवड्यात बिनशंखाच्या गोगलगायींनी फस्त केली. मी चिडलो, पण त्या वाफ्यापाशी उकिडवा बसून त्या पान कुरतडतात कसं ते बघत राहिलो. वरून दात दिसत नाहीत, तरी पानाची कड करवतीने कापल्यासारखी होते. तिथून मला बघण्याची सवय लागली.

पहिल्याच वसंतात आम्ही वास्तुशांत ठेवली. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर सांगणार होते, पाहुणे इंगोलश्टाट आणि म्युनिकहून येणार होते. सकाळी बायको म्हणाली, "अहो, आंब्याची पानं राहिलीच की! कलशाला काय लावू? तोरणाला काय लावू?"

मी खिडकीतून कुंपणाकडे बोट दाखवलं. किर्शलॉर्बियरचं पान लांबट, जाड, चकचकीत असतं. चुरगळलं तर कडू बदामाचा वास येतो, पण नुसतं बघितलं तर आंब्याचंच वाटतं. जर्मनीतल्या कितीतरी मराठी घरांच्या दारावर हेच तोरण असतं. मी कात्री घेऊन गेलो आणि सगळ्यात तजेलदार डहाळ्या जिथे होत्या तिथेच हात घातला.

आतून एक तपकिरी पक्षीण फडफडत बाहेर पडली आणि गवतावर उतरून कर्कश ओरडायला लागली. आम्झेल, आपल्याकडच्या कस्तुराची जवळची नातलग. नर काळा कुळकुळीत, पिवळ्या चोचीचा, आणि मादी अशी मातकट. मी कापलेल्या जागेतून आत पाहिलं. गवत आणि चिखल थापून केलेली वाटी होती, तिच्यात निळसर हिरवी, ठिपक्यांची अंडी. इतकं नीटनेटकं काम मी आमच्या कारखान्यातही क्वचितच पाहिलं असेल. दोन डहाळ्या परत खोचून पाहिल्या, त्या घसरून खाली पडल्या. पाहुण्यांची गाडी अंगणात वळत होती. मी पानं घेऊन घरात गेलो.

"काका, हापूस कुठे लागला इकडे?" एका पाहुण्याने तोरणाला हात लावून विचारलं. सगळे हसले, मीही हसलो. पडद्यावरून गुरुजी म्हणाले, "पानं अगदी ताजी दिसतायत हो." मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं. खाली कवचाचा एक तुकडा पडला होता आणि ते दोघे पक्षी छपरावर बसून ओरडत होते.

शेजारीण कुंपणापाशी आली. ती विधवा, एकटी राहणारी, माझ्याच वयाची. तिच्या घरात बोलायला एक मांजर होती आणि संध्याकाळी तिच्या छपरावर गाणारा तो काळा पक्षी होता. ती रिकाम्या घरट्याकडे बघत म्हणाली, "माझ्या मांजरीने केलं का हे?"

"कान झाइन," मी म्हणालो. असू शकेल.

एवढंच बोललो. ती आत गेली. मांजरीने पूर्वी दोन-चार चिमण्या आणल्या होत्या, त्यामुळे शेजारणीने लगेच विश्वास ठेवला. आठवड्याभरात मांजर रेगेन्सबर्गला शेजारणीच्या मुलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेली. बेकरीत कोणी विचारलं की शेजारीण सांगायची, "पक्ष्यांसाठी पाठवली." लोक तिचं कौतुक करायचे. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातला दिवा लवकर मालवायला लागला.

बायकोला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "जन्मभर जर्मनांशी ब्रेकवरून भांडलात ना? मग हे एवढं सांगायला जर्मन कमी पडतंय होय?"

मी सांगितलं नाही. अंडी कोणी नेली याची मी आधी खात्री करायची ठरवलं. इंजिनियरला पळवाट काढायची झाली तर ती अशीच निघते. तरीही त्या खात्रीच्या नादात मला जे दिसलं, ते मी ज्यासाठी बघायला सुरुवात केली होती त्यापेक्षा फार मोठं होतं.

पुढच्या वसंतात मादीने त्याच कुंपणात, थोडं पलीकडे, पुन्हा घरटं बांधलं. मी रोज सकाळी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायचो. ती माझ्या नव्या तळ्याच्या काठावरून चोचीत ओला चिखल न्यायची. पण घरट्याकडे सरळ कधीच उडायची नाही. आधी सफरचंदाखाली उतरायची, उगाच दोन पानं उलटवायची, मग जमिनीलगत तुरुतुरु जाऊन कुंपणात शिरायची. नर मदतीला नव्हताच, तो छपरावर गात बसायचा. बायको म्हणाली, "ओळखीचं वाटतंय."

गावातली दुसरी एक मांजर कुंपणाखालून रोज जायची. एकदा तिने वर चढून पाहिलं. वरच्या फांद्या बारीक, तिच्या वजनाने वाकल्या, ती धपकन खाली आली आणि काहीच न झाल्यासारखी अंग चाटत बसली. एल्स्टर मात्र, तो काळा-पांढरा, लांब शेपटीचा, अंडी पळवणारा पक्षी, कुंपणाच्या माथ्यावरून निवांत चालायचा. प्रत्येक फटीपाशी थांबायचा, मान तिरकी करून एका डोळ्याने आत बघायचा, पुढे जायचा. पानं शाबूत होती तिथे त्याला काही दिसलं नाही. आदल्या वर्षीच्या कापलेल्या जागी मात्र तो बराच वेळ थांबला. तिथे अजून खिंडार होतं, माझ्या हाताच्या मापाचं.

त्या वर्षी पिल्लं उडाली. आखूड शेपटीची, फुगलेली, रागावलेल्या चेहऱ्याची पिल्लं. शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती. आनंदाने म्हणाली, "बघा, मांजर नाही तर कसं सगळं नीट झालं!"

मग मात्र मला बोलावंच लागलं. पानं कशाला हवी होती, घरटं कसं उघडं पडलं, मी ते पाहूनही पाहुण्यांकडे कसा गेलो आणि तिने विचारलं तेव्हा मला काय माहीत होतं, ते सगळं सांगितलं. अंडी कोणी नेली ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, हेही सांगितलं. पण वाट मी करून दिली होती.

तिने कुंपणातलं ते खिंडार वाकून बघितलं.

"दाराला लावायला?" तिने विचारलं.

"हो. शुभ असतं ते."

"आणि एक अख्खं वर्ष रोज सकाळी मला गुटेन मॉर्गन म्हणत होतात?"

"हो," मी म्हणालो.

"आल्झो, तर मग," ती बागेतले हातमोजे काढत म्हणाली, "गाडी काढा. माझ्या मुलीला हे तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

रेगेन्सबर्गपर्यंत ती मागच्या सीटवर रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मुलीने दारातच सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आईने उगाचच..." एवढंच म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. मांजर सोफ्याखाली होती, चांगली गुबगुबीत झालेली. शेजारणीचा आवाज ऐकूनही ती बाहेर आली नाही. मग ही माझ्या वयाची बाई जमिनीवर आडवी झाली, गाल फरशीला टेकवला आणि बव्हेरियन बोलीत हळूहळू काहीतरी सांगत राहिली. मला त्यातलं फारसं कळलं नाही. खूप वेळाने सोफ्याखालून एक पंजा पुढे आला.

परतीच्या वाटेवर मांजर सतत ओरडत होती. गाव दिसायला लागलं तेव्हा शेजारीण पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"घरटी असतील तोवर सकाळी मी हिला आतच ठेवीन. आणि पुन्हा काही झालं तर आधी तुम्हालाच विचारीन."

"विचारा," मी म्हणालो.

"आणि तेव्हा कान झाइन चालणार नाही."