कासियानोने बंद ठेवलेलं स्टेशन

आमच्या गावच्या रेडिओ स्टेशनचा ट्रान्समीटर कासियानो तिकोनाने वीस वर्षं सांभाळला. शाळेत शिकवायला जाण्याआधी, पहाटे, मी तिथे निरोप वाचते. वर डोंगरात अल्पाका राखणाऱ्यांकडे फोन लागत नाही. बाळंतपण, लग्न, आजारपण, सगळं या निरोपांतूनच कळतं. माझा मुलगा दूर राजधानीत, लिमात असतो. त्याने एक फोन उचलला नाही तरी मला घास जात नाही, म्हणून वरच्या आयांचा एकही निरोप मी चुकवत नाही.

मे महिन्यात विमानतळावरून तक्रार आली: वैमानिकांच्या बोलण्यात खरखर येते, तुमच्यामुळेच असणार. कासियानोने हवेतले सिग्नल पडद्यावर दाखवणारा, तळहाताएवढा स्वस्त स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर मागवला आणि अँटेनाच्या पायथ्याशी लावला. पडद्यावर दोन उंच सुळके उमटले. एक आमचा, दुसरा चर्चच्या स्टेशनचा, जे गावापुरतंच ऐकू येतं. पण पडद्यावर दूर, वैमानिक ज्या लहरींवर बोलतात त्या पट्ट्यात, आणखी एक बारीक सुळका होता.

"एवढासा तर आहे, माएस्त्रो," मी म्हटलं. हाताने काम जाणणाऱ्याला आमच्याकडे असंच म्हणतात.

"विमानात माणसं असतात, बाई." त्याने ट्रान्समीटर बंद केला. तो बारीक सुळका गाळून टाकणारा फिल्टर लिमाहून यायला तीन आठवडे लागणार होते.

स्टेशन चालवणारी निएवेस भडकली. "तू आमचा तंत्रज्ञ की विमानतळाचा जावई?"

स्टेशन बंद झाल्याच्या नवव्या दिवशी कासियानोच्या आईच्या छातीत कफ भरला. ती सारखी धाकटीला, सतुर्निनाला, बोलवत होती. सतुर्निना दोन दिवसांच्या वाटेवर, वरच्या कुरणात होती. कासियानोने माणूस धाडला; खिंडीत बर्फ पडलं होतं, तो अर्ध्यातून परतला.

"पाच मिनिटं लाव," निएवेस म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता. "कोण बघतंय?"

तो आत गेला. बटणावर हात ठेवला आणि तसाच बाहेर आला. "त्या पाच मिनिटांत एखादं विमान उतरत असलं तर?"

गुरुवारी आई गेली.

तीन आठवड्यांनी फिल्टर घेऊन पुनो शहरातला इंजिनिअर आला. त्याने ट्रान्समीटर चाचणीपुरता लावला आणि आधी अ‍ॅनालायझरच्या तोंडाशी सिग्नल कमी करणारा बोटभर तुकडा बसवला. दोन्ही उंच सुळके थोडे खाली आले. बारीक सुळका पार नाहीसा झाला.

"तो हवेत नव्हताच, माएस्त्रो. सिग्नल फार जोरदार असला की हे यंत्र गुदमरतं, नसलेलं दाखवतं. तुमचं स्टेशन स्वच्छ आहे."

मग कळलं, आम्ही बंद असतानाही विमानतळावरची खरखर चालूच होती. आम्हाला कुणी कळवलं नाही.

दुसऱ्या पहाटे मी सतुर्निनासाठी आई गेल्याचा निरोप वाचला. खिंडीतलं बर्फ ओसरलं होतं; तिसऱ्या दिवशी सतुर्निना आली, ओठ थंडीने फुटलेले.

"दादा, मी रोज पहाटे रेडिओ लावत होते. वाटलं, सेल संपले. रोज काढून उन्हात तापवायचे."

"सेल चांगले होते, सतुर. मी बंद केलं होतं."

त्याने तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती पायांकडे बघत ऐकत होती.

"आईने विचारलं असेल ना, मी का नाही आले?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

"वाटेत आहेस म्हणून."