वरच्या वळणावरचा हॉर्न

मार्च लागला की भोपाळच्या अवधपुरीतल्या आमच्या गल्लीतून पागेकाकांची जुनी व्हॅन दिसेनाशी होते. रवींद्र पागे मूळचे इंदूरचे. सगळी नोकरी बरखेड्याच्या कारखान्यात क्रेन चालवण्यात गेली. मुलगी रेवती जंगल खात्यात लागली आणि सातपुड्यातल्या जंगलाची एक रेंज तिच्याकडे आली, तेव्हापासून काका उन्हाळाभर तिच्या क्वार्टरवर असतात.

"पोरीच्या जेवणाचे हाल होतात," असं ते गल्लीत सांगतात.

"तुम्हाला पोह्यापलीकडे येतं काय?" कल्पनाकाकू, म्हणजे काकांची बायको, दारातूनच म्हणतात. "आणि ते पोहेसुद्धा चिवट!"

खरं कारण काकूंनाही ठाऊक आहे. उन्हाळ्यात तिकडचे डोंगर पेटतात. मोहाची फुलं वेचायला खालची जमीन स्वच्छ हवी म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात. सकाळी ती आग वीतभर असते. दुपारी वारा उठला की सागाच्या वाळल्या पानांवरून ती डोंगर चढायला लागते. भोपाळमध्ये बसून रेवतीचा फोन लागेना झाला की काका पुन्हा पुन्हा तोच नंबर फिरवत बसत. म्हणून ते जवळ जाऊन राहतात. जवळ राहून भीती कमी होत नाही, हे त्यांना गेल्या एप्रिलमध्ये कळलं.

त्या दिवशी सरकारी गाडी दुसऱ्या डोंगरावर पाणी घेऊन गेली होती. इकडे उतारावर धूर दिसला. रेवती म्हणाली, "बाबा, व्हॅन काढा." वरच्या वळणावर तिने गाडी थांबवायला सांगितली. तोंड खाली, गावाकडे. ती आणि तिचे तीन वनरक्षक उतारावर जाऊन पाचोळा बाजूला सारणार होते, म्हणजे आगीला पुढे जायला काही उरणार नाही.

"धुरात दिशा कळत नाही," ती म्हणाली. "तुम्ही थोड्या थोड्या वेळाने हॉर्न वाजवत राहा. आम्ही आवाजाच्या दिशेने वर येऊ. आणि ते खालचं बेहड्याचं झाड दिसतंय ना? आग तिथवर आली की निघायचं. माझी वाट बघायची नाही."

"बघायची नाही म्हणजे?"

"म्हणजे बघायची नाही. बाबा, प्लीज."

चौघे उतरले. काका हॉर्न वाजवू लागले. वर नेटवर्क नव्हतं. आधी पाखरं उडाली, मग वारा फिरला, आणि धूर असा वर आला की बॉनेटसुद्धा दिसेना. आत कुठेतरी बांबू फटाफट फुटत होते. काकांना प्रत्येक आवाजात माणूस ओरडल्याचा भास होत होता.

धुरातून माणसं आलीही. पण ती रेवतीची नव्हती. मोह वेचणाऱ्या तीन बाया होत्या, एकीच्या कडेवर लेकरू. हॉर्न ऐकून त्या रस्त्यापर्यंत पोचल्या होत्या. लेकरू खोकून खोकून निळं पडलेलं.

"बाबूजी, चलो!" एकीने दार ओढलं.

"मेरी बेटी नीचे है."

"मेरा बच्चा यहाँ है!"

तेवढ्यात धूर क्षणभर फाटला आणि बेहडा दिसला. त्याचा बुंधा पेटलेला होता.

काकांनी गिअर टाकला. किती वळणं घेतली ते त्यांना आठवत नाही. नाल्यावरच्या पुलाच्या पलीकडे, खालच्या वळणावर हवा जरा मोकळी होती. तिथे त्यांनी गाडी थांबवली. हात आपोआप हॉर्नवर गेला.

आणि तसाच थांबला.

रेवती आवाजाच्या दिशेने येणार होती. आवाज आता खालून आला तर ती खाली उतरेल, सरळ. मधे तो नाला होता, पाचोळ्याने गच्च भरलेला. पुलावरून येताना त्यांनी पाहिलं होतं, नाला पेटला होता.

"बजाओ ना, बाबूजी! मैडम सुनेंगी."

"इसीलिए नहीं बजा रहा," काका म्हणाले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

पण न वाजवल्याने काय होईल? हॉर्न बंद झाला म्हणून ती बापाला शोधायला वरच्या वळणावर चढली तर? तिथे तर आग येऊन पोचली असणार. वाजवलं तर नाला, नाही वाजवलं तर वळण. कारखान्यात क्रेनने टनावारी लोखंड नेताना खालची माणसं त्यांना दिसायची. इथे काहीच दिसत नव्हतं.

लेकरू रडायला लागलं. त्याची आई म्हणाली, "रो रहा है, मतलब ठीक है." काका ते रडणं ऐकत राहिले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

ऊन कलल्यावर पुलावर काजळीने काळी झालेली चार माणसं दिसली. काकांनी ती मोजली, पुन्हा मोजली, मग दार उघडायला गेले तर त्यांना कडी सापडेना.

रेवतीच्या भुवया जळल्या होत्या. ती येताच ओरडली, "हॉर्न का बंद केलात? मला वाटलं तुम्ही..."

"नाला पेटला होता," काका एवढंच म्हणाले.

तिने मागे वळून नाल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आम्ही अर्धे वर आलो होतो. हॉर्न थांबला तशी वर आग पोचली असं समजून मी सगळ्यांना मागे फिरवलं. जळून गेलेल्या पट्ट्यात बसून राहिलो, तिथे पुन्हा पेटायला काही नव्हतं." तिने बाटली तोंडाला लावली, अर्धं पाणी अंगावर सांडलं. "पण हे आधी ठरवायला हवं होतं. पुढच्या वेळी लक्षात ठेवा, हॉर्न थांबला की आम्ही असू तिथेच थांबणार. चालेल?"

काकांनी मान हलवली. बाकीचं त्यांना ऐकूच आलं नव्हतं. 'पुढच्या वेळी' एवढंच ऐकू आलं होतं.