चौथ्या आज्ञेचा तास

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि दर ईस्टरआधी ज्या फादरांपुढे गुडघे टेकून पापं कबूल करते, त्यांनाही नाही. तिथे मी काय सांगते? चिडचिड केली, चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवली, शेजारणीची निंदा केली. ती निंदा तर इतकी वर्षं सांगतेय की फादरांना पाठ झाली असेल. हे मात्र दरवेळी ओठांवर येतं आणि मी शेजारणीला पुढे करते.

मी भाईंदरच्या एका ख्रिस्ती शाळेत धर्मशिक्षण शिकवते. घंटा झाली की बाकीची मुलं मूल्यशिक्षणासाठी शेजारच्या वर्गात जातात आणि आमची कॅथलिक मुलं माझ्यासमोर उरतात — नववीच्या दोन्ही तुकड्यांची मिळून वीसेक. परीक्षा असते, पण त्या मार्कांना घरी कोणी विचारत नाही, म्हणून मुलं या तासाला मोकळी बसतात. मला ते फार आवडायचं. मला वाटायचं, मी त्यांची मैत्रीण आहे.

त्या मैत्रीच्या भरात मी एकदा बुटांचा रिकामा खोका आणला आणि झाकणाला फट पाडली. नाव न घालता प्रश्न लिहा, यात टाका, प्रत्येक चिठ्ठी मी वर्गात वाचेन — असं मीच सांगितलं. प्रत्येक, हा शब्द माझा. पोरं काहीबाही विचारायची. नोहाच्या तारवात झुरळं होती का? मिस्सेत जांभई आली तर पाप लागतं का? आम्ही पोट धरून हसायचो.

नववीला दहा आज्ञा असतात. चौथी — आपल्या आईवडिलांचा मान राख. त्या आठवड्यातल्या चिठ्ठ्या मी तासाआधी स्टाफरूममध्ये चाळत होते. एकीवर लिहिलं होतं, ‘पप्पा मम्मीला आणि मला पट्ट्याने मारतात. तरी मान राखायचा का? नाही राखला तर पाप कोणाला?’

नाव नव्हतं. पण वर्षभर वह्या तपासणाऱ्या बाईला नाव लागतं का? अक्षर जेसिंताचं होतं. दुसऱ्या बाकावरची, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. तिचे वडील चर्चच्या कमिटीवर होते. रविवारी मिस्सेत बायबलचं वाचनही तेच करायचे, अगदी खणखणीत. आदल्याच रविवारी चर्चच्या पायरीवर त्यांनी मला हसून विचारलं होतं, “काय टीचर, आमची जेसी कशी हाय? तरास न्हाय ना देत?”

मी ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली. वर्गात बाकीच्या वाचल्या, उत्तरं दिली, शेवटी खोका उलटा करून दाखवला — संपल्या. जेसिंता खोक्याकडे बघत होती.

पुढच्या तासाला चिठ्ठी पुन्हा आली. तोच प्रश्न, खाली एक ओळ जास्त. ‘मिस, मागच्या वेळी वाचायची राहिली.’ राहिली, असं लिहिलं होतं त्या पोरीने. माझ्यासाठी सबबही तिनेच शोधून ठेवली होती.

मी तेव्हा शाळेत कायम झाले नव्हते, आणि कमिटीचा शब्द शाळेत चालायचा. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिलं. पोटाचं कारण — ऐकायला बरं वाटतं, नाही? पण ते खरं नाही. आमच्या प्रिन्सिपल सिस्टरने ऐकून घेतलं असतं, माझं नाव कुठेही येऊ दिलं नसतं. तेवढं मी तिला ओळखत होते. मला फक्त कटकट नको होती. रविवारी त्या पायरीवर मला कोणीतरी हसून टीचर म्हणावं, एवढंच हवं होतं. आणि त्यासाठी —

नुसती गप्प बसले असते, तर कदाचित हे लिहायला बसले नसते.

चिठ्ठी हातात घेऊन मी वर्गापुढे उभी राहिले. ती वाचली नाही. खिडकीकडे बघत म्हणाले, “काही मुलं घरातल्या गोष्टी वर्गात आणतात. आईवडिलांना चारचौघांत उघडं पाडणं म्हणजेच चौथी आज्ञा मोडणं. झाकली मूठ सव्वा लाखाची, कळलं?” मुलं हसली. ती म्हणीला हसली, त्यांना काय माहीत? चिठ्ठीचे मी सगळ्यांसमोर चार तुकडे केले. जेसिंताकडे पाहिलं नाही. का पाहू? कोणाची चिठ्ठी आहे, हे मला माहीतच नव्हतं ना.

त्यानंतर खोक्यात तिची चिठ्ठी कधी आली नाही. सहामाहीत मी प्रश्न घातला होता — आईवडिलांचा मान राखणे म्हणजे काय? तिने लिहिलं, ‘घरातलं बाहेर न सांगणे. सांगितलं तर पाप सांगणाऱ्याला. झाकली मूठ सव्वा लाखाची.’ तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. मी ते दोनदा वाचलं. मग पाचपैकी पाच दिले आणि लाल पेनाने बाजूला लिहिलं — छान.

गेल्या महिन्यात केबिन रोडवर भाजी घेत होते, मागून हाक आली. जेसिंताच. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. इथेच इंद्रलोक भागात राहते म्हणाली. जुन्या बाई भेटल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर अगदी खरा होता, तो मला सहन होईना. घरी सगळं ठीक आहे का, हे मी विचारलं नाही. तेव्हाही नव्हतं विचारलं.

“मिस, मी पण शिकवतेय आता,” ती म्हणाली. “दर संडेला, चर्चमध्ये, छोट्या पोरांना. तुमची ती सव्वा लाखाची मूठ त्यांना एकदम आवडते. चौथी आज्ञा मी तुमच्यासारखीच शिकवते.”

तिच्या मुलीने लगेच मूठ आवळून मला दाखवली.

मी म्हणाले, “छान.”