मंगळवारचा आंब्याचा वास

बोरिवलीतल्या आमच्या इमारतीतली तीन मुलं एकाच गाडीने शाळेत जातात. आमची मुलगी आणि तळमजल्यावरच्या शेजाऱ्याची दोन. मंगळवारी गाडी न्यायची पाळी शेजाऱ्याची. त्या दिवशी मुलगी खोकत घरी यायची आणि ऐन डिसेंबरात तिच्या गणवेशाला आंब्याचा वास असायचा. तिला दमा आहे. बायको म्हणाली, "आज तूच जा सोबत. काय ते बघून ये."

पहिल्याच सिग्नलला शेजाऱ्याने खिशातून पेनासारखी नळी काढून ओढली. काचा बंद होत्या. त्याची मुलं मागे चॉकलेट खात गप्प होती.

"अरे, हिला दमा आहे," मी म्हणालो.

"वेप आहे रे, नुसती वाफ. गाडीत ओढू नये असं कुठल्या कायद्यात आहे? तू पेपरात बातम्या लिहितोस ना, सांग."

मी माहीत होतं तेवढं सांगितलं. विकायला, आयात करायला, साठवायला बंदी आहे. ओढण्याबद्दल कायदा गप्प आहे. गाडीत मुलं असली तरी.

"बघ! मी सुटलो."

"तुला विकणारा नाही सुटत."

"जाऊ दे ना यार," म्हणत त्याने मोठा झुरका सोडला.

वाहतूक हवालदाराने काचेवर टकटक केलं. "धूर दिसतोय, इंजिन तापलंय. बाजूला घ्या."

"हो साहेब, सकाळपासूनच तापतंय," शेजारी म्हणाला. नळी मुठीत होती. त्याने उतरून बॉनेटही उघडलं. हवालदाराने आत हात लावून पाहिला.

"थंडगार आहे की! मग धूर कुठला?"

मुलीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काकांच्या तोंडातला. दर मंगळवारी येतो."

हवालदाराने शेजाऱ्याचं तोंड हुंगलं. "हापूस?" मग माझ्याकडे वळून विचारलं, "याला कलम कुठलं लावायचं हो?" मागून हॉर्न वाजू लागले. "पोरांसमोर कसला ओढतोस रे? चल, निघ," एवढं बोलून त्याने सोडून दिलं.

पुढच्या मंगळवारी मुलगी गाडीपाशी अडून उभी राहिली. "काका, आधी नळी घरी ठेवून या. मगच मी बसणार."

तळमजल्याच्या खिडकीत शेजाऱ्याची बायको उभी होती.

"अहो, कसली नळी?"

घरात पुढे काय कारवाई झाली, याचा तपशील मिळू शकला नाही. मंगळवारचा खोकला थांबला.