वरपक्षातला बाप

शेजारच्या सेन्निमलै गौंडरांच्या मळ्यात नारळ उत्तम यायचे, पण त्यांना मशागतीची खरी हौस होती ती पूर्वजांच्या. चहाच्या टपरीवर रोज सुरू.

"आम्ही वेळाळर शेतकरी, गंगेच्या पोटचे. देवानं पहिला नांगर आमच्या हातात दिला."

"मग आता कुठंय तो?" टपरीवाला मारप्पन विचारायचा.

"आता ट्रॅक्टर भाड्यानं आणतो."

आमच्यात कुळांना पक्ष्यांची नावं; त्यांचं कूळ लाव्याचं. एवढासा, झुडपात दडणारा पक्षी. गौंडरांना त्याचीच लाज. एका कुळाचे सगळे भाऊबहीण, सोयरीक दुसऱ्या कुळातच. त्यांच्या मुलीचं, पूंगोडीचं लग्न मोराच्या कुळातल्या नल्लसामींच्या मुलाशी ठरलं होतं.

लग्नाआधी नल्लसामींच्या कुळदेवीचा उत्सव आला. तिथे कुळातल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्याला देवीचं वस्त्र बांधतात. पाहुण्यांना नुसतं कुंकू. ते वस्त्र पाहून गौंडरांचा तोल गेला. भर देवळात ते उभे राहिले.

"आमचं कूळही मुळात मोराचंच! पूर्वी दोघे भाऊ भांडले. धाकटा माळावर राहायला गेला, म्हणून लोक त्याला लावा म्हणू लागले."

सोबत आणलेल्या भाटानं लगेच तेच गाऊन दाखवलं. कूळ वाढलं म्हणून म्हातारे खूश. वस्त्र बांधलं गेलं.

नल्लसामी हळूच म्हणाले, "म्हणजे आपण भाऊ?"

"सख्खे समजा!"

"मग तुमची पोरगी माझ्या पोराची बहीण झाली. लग्न कसलं लावताय?"

ढोल थांबले. गौंडरांची बायको कुप्पायी पुढे आली. "अहो, चुकलं म्हणा. सोडा ते फडकं."

"फडकं? देवीसमोर दिलेला शब्द फिरवू? पूर्वज काय म्हणतील?"

"पूर्वज मेलेत. पोरगी जिवंत आहे."

गौंडरांनी डोक्यावरची गाठ आणखी आवळली. पूंगोडीनं होणाऱ्या सासऱ्याला विचारलं, "तुम्हाला आता मामंजी म्हणू की मोठे बाबा?"

तेव्हा कुप्पायीचा भाऊ पोन्नुसामी उठला. "दाजी, शेवटचं विचारतो. शब्द मागे घेताय?"

"गंगेचे पुत्र मागे फिरत नाहीत."

"मग पोरगी माझी. आमचं कूळ हंसाचं, त्याला कुणाची हरकत नाही." त्यानं तिथेच पूंगोडीला दत्तक म्हणून मांडीवर घेतलं. म्हाताऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून माना डोलावल्या.

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. कन्यादान पोन्नुसामीनं केलं. कुप्पायी आत्या म्हणून बाजूला उभी राहून रडली. गौंडर मात्र मोराच्या कुळाचे, म्हणून वरपक्षाबरोबर वाजतगाजत आले, त्यांच्याच पंगतीला बसले. नव्या कुळाचा मान राखायचा म्हणून मुलीकडच्यांच्या रसममध्ये मीठ कमी असल्याची तक्रारही त्यांनीच सर्वांत आधी केली.