आबांची गाठ आणि भिंतीकडचा संचा

सकाळी प्यालेला चहा ज्याला आठवत नाही, त्याला तुटलेला धागा बिनचूक जोडता कसा येतो? नव्वदच्या दशकात, सुरतेतल्या गोडादरा भागातल्या आमच्या खोलीत मला हा प्रश्न पडला. उत्तर कळेपर्यंत आमच्या हातून चूक होऊन गेली होती.

आबा, म्हणजे माझे वडील, खानदेशातून सुरतेला येऊन यंत्रमागावर, इथल्या बोलीत संचावर, काम करीत. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवीत असे. मेंदूज्वरातून आबा वाचले. गावची विहीर, माझ्या लग्नातले पाहुणे, सारे त्यांना आठवे. आजचे मात्र काही टिकत नसे. अशक्तपणा आहे, जाईल, असे आम्ही धरून चाललो. आबांना कामावर परतण्याची घाई होती.

आजारातून उठलेल्या कामगाराची कारखान्यात एकच परीक्षा होई. मुकादम ताण्यातला, म्हणजे संचावरच्या उभ्या धाग्यांतला, एक धागा तोडी आणि म्हणे, "बांधा." आबांनी न पाहता गाठ मारली.

"काका, हात तर जवान आहे तुमचा!" मुकादम हसला. आबांच्या जुन्या संचावर आता दुसरा कामगार होता, म्हणून त्यांना भिंतीकडचा दिला. मी निश्चिंत मनाने शाळेत गेलो.

दुपारी बोलावणे आले. आबा पुनःपुन्हा जुन्याच संचापाशी जाऊन उभे राहत होते. तिथल्या कामगाराने आधी थट्टा केली होती, "काका, माझ्याशिवाय करमत नाही का?" मी पोहोचलो तेव्हा तो थट्टा विसरला होता. आबा त्याला शांतपणे विचारीत होते, "भाऊ, तू कोन शे? हाऊ मन्हा संचा शे." बोलता बोलता त्यांनी त्याचा तुटलेला धागा जोडूनही दिला. भिंतीकडच्या संचावर हातभर कापड वाया गेले होते.

मी आबांना डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कागदावर पेन्सिलीने मेंदूचे चित्र काढले. कानशिलाच्या आत, मेंदूच्या खालच्या अंगाला, दोन्ही बाजूंना एकेक वळलेला भाग असतो, समुद्रघोड्यासारखा: हिप्पोकॅम्पस. त्याच्या पुढे बदामाच्या आकाराचा अमिग्डाला, भीतीशी संबंध असलेला. नवी आठवण पक्की होण्यासाठी हिप्पोकॅम्पस लागतो. आबांचे दोन्ही सुजून निकामी झाले होते.

"मग गाठ?" मी विचारले.

"हाताची सवय दुसरीकडे असते, मास्तर. ती शाबूत आहे."

म्हणजे मुकादमाने आणि मी नेमका शाबूत भाग तपासला होता.

आबा पुन्हा कारखान्यात गेले नाहीत. रोज सकाळी विचारीत, "मन्ही पाळी कोनती शे?" मी म्हणे, "आज सुट्टी आहे, आबा." त्यांच्यासाठी तो प्रश्न दर वेळी पहिलाच असे. माझा आवाज मात्र वर्षागणिक कोरडा होत गेला, आणि ते माझ्या लक्षात येत होते.

आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर जुन्या कामावरून निष्कर्ष काढू नका. एक नवी गोष्ट सांगा, दुसऱ्या विषयावर बोला, दहा मिनिटांनी तीच विचारा, आणि जे दिसेल ते डॉक्टरांना सांगा. मी लिहिले आहे म्हणून मानू नका; कृपया स्वतः तपासून पाहा.